कारल्याची पानं

पोलादपूर,
शनिवार, १२ फेब्रुवारी १९९४

प्रिय मुख्तार,

सलाम. तू यादी मागितलीस ती देतो. या दोन हातांनी आजवर केलेलं, मोठं तेवढंच लिहितो.

पोलादपूरच्या बाजारपेठेतली निम्मी दारं आणि त्यांच्या चौकटी. तुमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत इमामसाहेब ज्यावर चढून बोलतात त्या मिंबराच्या तीन पायऱ्या, तुझ्या अब्बांनी सांगितल्या म्हणून, फणसाच्या. हैबतीच्या हॉटेलातली सहा बाकं. ती डगमगतात असं तो सांगत फिरतो, डगमगते ती त्याची जमीन. तुझ्या निकाहाचा पलंग. एस्तेरच्या शिवणाच्या मशीनचं टेबल. वर्गीसच्या थोरलीचा पाळणा. आमच्या प्रार्थनेच्या खोलीतली चार बाकं आणि प्रभुभोजनाचं मेज. आणि माझ्या एस्तेरची शवपेटी, सागाची, एकही खिळा न मारता.

प्रत्येकाखाली सुताराच्या पेन्सिलीने नाव आहे: शां. सो. कसबे, पोलादपूर, आणि साल. पेटीवरही आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला. हे सगळं कोणाच्या हाताखाली शिकलो नाही हेही यादी ज्याला दाखवशील त्याला सांग. बाप खानसामा होता, त्याच्या घरात सुरी होती, पटाशी नव्हती.

यादी कशाला हवी ते तू लिहिलं नाहीस. आपल्या दोघांच्या दुकानासाठी असेल असं धरतो. महाडला बसस्टँडमागची जागा तिचा मालक सहदेव आपल्यासाठी अजून धरून आहे. तुझ्या नावाने घेतलेले दोन रंधे मी तेल लावून फडक्यात ठेवले आहेत. दोन वर्षांत येतो म्हणाला होतास, त्याला आता तिसरं लागलं.

गेल्या रविवारी वाईचे पाळकसाहेब आले होते. बिरवाडीच्या कारखान्यातल्या वर्गीसची डिसेंबरात बदली झाल्यापासून प्रार्थनेला जमणारी आमची मंडळी म्हणजे मी एकटा. चार बाकांवर मी आणि पाळकसाहेबांचा ड्रायव्हर, तोही घाट उतरून आलेला, पेंगत होता. येत्या बुधवारी राखेचा बुधवार. ईस्टरपर्यंत आमचा उपासाचा काळ, लेंट. पाळकसाहेब म्हणाले, मटण आणि चहा सगळेच सोडतात. जे सोडताना आतून ओढ बसेल ते सोडा.

मी विचार केला. मटण मी एकट्यासाठी शिजवतच नाही. चहा सोडून दोनदा पाहिला आहे, डोकं दुखतं, बाकी काही होत नाही. ओढ बसेल असं माझ्याकडे एकच आहे. तेव्हा या लेंटमध्ये केलेल्या कुठल्याही वस्तूखाली नाव घालणार नाही. पत्राखालीसुद्धा नाही. हे शेवटचं.

तुमचा चाँद दिसला का कळव. यंदा तुझे रोजे आणि माझा उपास जवळजवळ जोडीने सुरू होतात. शाळेत असताना असं झालं असतं तर डबे कोणी खाल्ले असते.

तुझा,
शांतवन सोनबा कसबे


मनामा, बहरीन
२२ फेब्रुवारी १९९४

शांतू,

अस्सलाम अलैकुम. माझं मराठी सातवीत होतं तिथेच आहे, सांभाळून घे.

तुझी यादी फर्निचरच्या शोरूमच्या मागे बसून वाचली आणि हैबतीच्या जमिनीवर हसलो तर शेठने वळून बघितलं. आम्ही दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, आणि तू काय सोडलंस, तर पेन्सिल. इतका स्वस्त रोजा मी ऐकला नव्हता. मग संध्याकाळी खजूर तोंडात टाकताना तुझी आठवण आली आणि वाटलं, नाय, याला हे महाग पडणार. शाळेच्या बाकावर कंपासने नाव कोरलं म्हणून मार खाल्लास, आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली साल कोरलंस.

एक सांग. त्या मेजाचं लाकूड तू म्हणाला होतास महाबळेश्वरच्या साहेबाच्या बंगल्याचं, जिथे तुझे बाबा खानसामा होते. बंगला पाडला तेव्हा त्यांनी आणलेलं. ते नक्की ना? किती जुनं असेल?

आणि कोणी कामासाठी आलं तर ताठू नको. सातवीच्या परीक्षेत इन्स्पेक्टरसाहेबांशी ताठलास, नापास झालास आणि घरी बसलास. समोरचा बोलतो ते पुरतं ऐकून घेत जा, मग हवं तर भांड.

अम्माला वेळ मिळेल तसं बघून ये. तिचे गुडघे फार दुखतात, नमाजला बसून उठवत नाही म्हणते. माहरुख लिहिते ते नवऱ्याला म्हणून सगळं गोड करून लिहिते. तू जसं आहे तसं लिही.

तुझा,
मुख्तार


पोलादपूर,
४ मार्च १९९४

प्रिय मुख्तार,

लाकूड नक्की साहेबाच्या बंगल्याचं. जिन्याचा कठडा होता तो, ब्रह्मदेशी साग. बापाने बैलगाडीतून घाट उतरवला आणि माझ्या लग्नापर्यंत माळ्यावर पडलं होतं. लाकूड किती जुनं ते लाकडाला माहीत. मेज १९८० चं आहे, ते त्याखाली लिहिलेलं आहे.

दुकानाविषयी तू काही लिहिलं नाहीस. पानावर जागा संपली असेल.

सोमवारी मुंबईचे एक गृहस्थ माझं नाव विचारत आले. शरच्चंद्र म्हणून. साठीचे, पांढरे केस, बोलणं हळू. जुनं लाकडी सामान घेतात आणि विकतात. तू सांगितलंस तसं ऐकून घेतलं. तशी सांगायची गरज नव्हती. माणूस ऐकण्यासारखा होता. बाकीचे लोक लाकडावर हात फिरवतात आणि पॉलिश छान म्हणतात. यांनी चष्मा काढला, मेजाखाली वाकले आणि अंगठा थेट सांध्यात घातला. म्हणाले, खिळा नाही. मी म्हटलं, नाही. म्हणाले, सरसही कमीच. मी म्हटलं, पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा सांधा आपणच घट्ट होतो, सरसाचं काम नाही. मग आम्ही दुपारपर्यंत सांध्यांवर बोलत बसलो. एस्तेर गेल्यापासून त्या खोलीत इतका वेळ माझ्याशी कोणी बोललेलं नव्हतं. त्यांच्यासाठी चहा टाकला तर घरात दुसरा कप कुठे आहे ते मला आठवेना.

निघताना त्यांनी मुद्दा काढला. मेज त्यांना हवं आहे. मात्र ते इंग्रजांच्या वेळचं, महाबळेश्वरच्या एका देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, साहेबाने जाताना माझ्या बापाला दिलेलं, असा कागद करायचा आणि खाली मी सही करायची. आणि मेजाखालचं नाव तेवढं काढायचं. म्हणाले, दोनदा रंधा फिरवलात की झालं. रक्कम सांगितली. ती लिहीत नाही, लिहिली की डोळ्यांपुढे राहते. आणखीही एक गोष्ट म्हणाले, ती महत्त्वाची नाही.

मी त्यांना तिथल्या तिथे हाकलायला हवं होतं. हाकललं नाही, त्याचं कारण ऐक. नाव सोड असं मी स्वतःच स्वतःला सांगून बसलो होतो. बरोबर तेच शब्द हा माणूस पैसे घेऊन माझ्या दारात बोलत होता. आमच्या शास्त्रात प्रभू रानात उपाशी असताना सैतान येतो, तो शिव्या देत येत नाही. त्याच्या तोंडी सगळी पवित्र वचनं. मी लहानपणी विचारायचो, मग ओळखायचं कसं. आई म्हणायची, झोप आता.

आमच्या रोजच्या प्रार्थनेत एक मागणं आहे, आम्हाला परीक्षेत आणू नको असं. मोहाला आमचे जुने लोक परीक्षाच म्हणतात. मी आयुष्यात एकच परीक्षा दिली आणि तिच्यात नापास झालो, त्यामुळे हे मागणं मी नेहमी जरा मोठ्याने म्हणतो.

विचार करून सांगतो म्हटलं. ते वीस तारखेला पुन्हा येणार होते, पण त्या दिवशी चवदार तळ्यासाठी महाड माणसांनी भरलेलं असतं, गाडी शिरायची नाही. एकवीसला या म्हणून सांगितलं आहे.

चाचींच्या गुडघ्यांचं जसं आहे तसं लिही म्हणालास. वाईट आहेत. त्यांना बसून नमाज पढता येईल असा ठेंगणा चौरंग करायला घेतला आहे. ईदच्या आधी पोचवतो.

तुझा,


मनामा
१३ मार्च १९९४

शांतू,

ईद मुबारक. इथे आज ईद, तुमच्याकडे उद्या किंवा परवा. सकाळी नमाज पढून आलो, खोलीतल्या केरळच्या पोरांनी शेवया केल्या, त्यात साखर जास्त पडली. अम्माच्या हातच्या शेवयांची चव तोंडात धरून त्या गिळल्या.

तुझं पत्र नावाशिवाय आलं. शेठ म्हणाला, हे कसलं निनावी, धमकी बिमकी तर नाही ना.

आता माझं ऐक. हो म्हण. ओशिवऱ्याहून पांढरी गाडी घेऊन एवढ्या लांब माणूस येतो तो चहा प्यायला येत नाही. लाकूड तर खरंच साहेबाचं आहे. म्हणजे निम्मं खरंच झालं. इथे शोरूममध्ये मी जे विकतो त्यात निम्मंसुद्धा खरं नसतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आणि नाव कोण बघतं, शांतू. मेज उलटं करून बघणारा तू एकटाच.

राग येईल असं लिहितो. ते मेज तू कोणासाठी ठेवलंस? एस्तेरवहिनी गेल्या. वर्गीस गेला. पाळकसाहेब महिन्यातून एकदा, तेही घाट बंद नसला तर. चार बाकं आणि एक मेज झाडून पुसून ठेवतोस आणि पलीकडच्या खोलीत एकटा जेवतोस. माझ्या डोळ्यांपुढे ते येतं.

हो म्हण. माझ्यासाठी म्हण.

मुख्तार


पोलादपूर,
२२ मार्च १९९४

मुख्तार,

गाडी पांढरी होती हे मी लिहिलं नव्हतं. ओशिवरा हा शब्दही माझ्या पत्रात नव्हता. मी मुंबईचे गृहस्थ असं लिहिलं. मापात माझी चूक होत नाही, लिहिण्यातही होत नाही. तेव्हा तुला हे कसं माहीत ते कळव.

बाकीचं जे घडलं ते सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

ईदच्या आदल्या शनिवारी चौरंग घेऊन महाडला गेलो. चाची ओटीवरच होत्या. त्यांना आता सावल्याच दिसतात, पण चौरंग हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. खालून बोटं फिरवली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पुन्हा फिरवली. मग म्हणाल्या, ‘‘शांतू, तुजा नाव खंय रे?’’

मुख्तार, चाचींना वाचता येत नाही. पेन्सिल दाबून लिहायची माझी सवय, त्या रेघा त्या बोटांनी ओळखतात. तुझ्या पलंगाखाली, पाटाखाली, धान्याच्या पेटीखाली. तू लिहिलंस, कोण बघतं.

मी सांगितलं, चाची, माझा उपास आहे, नावाचा. त्यांना वाटलं चौरंगात काही खोट राहिली आणि मी लाज वाटून नाव घातलं नाही. चारही पाय हलवून बघितले. खोट सापडेना तेव्हा उपास खरा मानला. म्हणाल्या, ‘‘बरा. नको घालू. पन कोनी इचारला, ह्यो कोनी केला, तर काय सांगू? नाय सांगू?’’

मी म्हटलं, विचारलं तर सांगा की.

‘‘मग उपास कसला, निस्ता लपंडाव,’’ म्हणाल्या आणि हसल्या. इफ्तारीला थांबवून घेतलं. मी खजूर खाल्ला. उपास सोडायचा तर कोणाबरोबर तरी सोडावा, नुसतं पोट भरण्यात काही नाही, हे तिथे बसल्यावर कळलं. माहरुख वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं थकली असेल.

काल शरच्चंद्र आले. या वेळी त्यांनी मेज उजेडात घेतलं आणि कडेची नक्षी नीट पाहिली. द्राक्षाचा वेल आहे तो. पाहता पाहता थांबले. म्हणाले, कसबे, हे पान द्राक्षाचं नाही.

हे मला चौदा वर्षं माहीत आहे. मेज केलं तेव्हा मी द्राक्षाचा वेल डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. घड चित्रावरून कोरले. पानं चित्रात बारीक होती, दिसेनात, म्हणून परसात गेलो आणि जो वेल होता त्याचं पान तोडून समोर ठेवलं. तेही हातासारखं फाटलेलं, त्यालाही कुरळे तंतू. कारलं. एस्तेर त्याच परसातून पाटी घेऊन आली, उभी राहून बघितलं आणि खाली बसून हसायला लागली. म्हणाली, प्रभूच्या मेजावर कारली लावलीत. पुढे मंडळीत ती दर वेळी मेजावर कापड घालताना तेवढं पान मुद्दाम उघडं ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मी प्रार्थनेत असायचो, मला हसता यायचं नाही.

पुढे वाईला मळ्यात खरं द्राक्षाचं पान पाहिलं. तेव्हापासून ती पानं दुरुस्त करायची माझ्या मनात आहे. बाजूचे कापे थोडे भरून, टोकं थोडी बोथट केली की द्राक्ष होईल. एस्तेर होती तोवर तिने करू दिलं नाही.

शरच्चंद्र म्हणाले, एवढं करून द्या, नाही तर जाणकाराच्या नजरेला येईल. इंग्रजाच्या देवळात कारलं कुठून येणार. म्हणजे आता मोह फक्त खोटं बोलण्याचा राहिला नाही. चूक सुधारायचा आहे. ते गेल्यावर मी पटाशीला धार लावली आणि मेजावर ठेवली. ती अजून तिथेच आहे.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दुसऱ्या दिवशी ते टेम्पो घेऊन येतील. त्याआधी तू उत्तर दे, गाडीचं.

तुझा,


मनामा
३० मार्च १९९४

शांतू,

मीच.

मागच्या सुट्टीत तुझ्या मेजाचा फोटो काढला होता ना, तू बाजूला उभा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. आमच्या शेठला मुंबईहून शरच्चंद्रच माल पाठवतात. ते इथे आले होते तेव्हा फोटो दाखवला, तू उभा होतास तेवढा भाग दुमडून. कसब्याचं मेज म्हटलं असतं तर त्यांनी फोटो परत दिला असता. म्हणून साहेबाचं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, आणखी काय काय आहे तिथे, म्हणून तुझ्याकडून यादी मागवली. नावाचं आणि कागदाचं ते पुढे त्यांनी ठरवलं, पण पहिलं खोटं माझं. दलाली घेतली नाही. रमजानमध्ये बोललो ते खोटं होतं, रमजान संपल्यावर बोलतोय ते खरं मान.

का केलं ते सांगतो. माहरुखचा व्हिसा झालाय. तिचा, आमच्या पोरीचा, मेहविशचा, आणि अम्माचा. मे महिन्यात सगळे इथे. महाडचं घर भाड्याने देतोय. माहरुखला मीच सांगितलं होतं तुला कळू देऊ नको, म्हणून ती तुझ्याकडे बघत नव्हती. दुकान आता होणार नाही, शांतू. सहदेवला मी जानेवारीतच नाही कळवलं. तो तुला सांगायला धजला नाही आणि मीही नाही.

तुला तिथे एकट्याला ठेवून सगळ्यांना इकडे आणायचं हे मनाला पटत नव्हतं. म्हणून तुझी सोय लावत होतो. तुझ्या मेजाची किंमत करून माझ्या जाण्याची भरपाई. लिहिल्यावर आता घाण दिसतंय.

तू काय ठरवलंस ते ठरवलंस. पण नाही म्हणालास तर एवढं स्वतःला विचार, ते तुझ्या प्रभूसाठी म्हणालास का त्या इन्स्पेक्टरसाहेबांना अजून उत्तर देतोयस.

मुख्तार


पोलादपूर,
९ एप्रिल १९९४

प्रिय मुख्तार,

तुझं पत्र काल मिळालं, म्हणजे सगळं उरकल्यावर. बरं झालं. आधी मिळालं असतं तर रागाच्या भरात नाही म्हणालो असतो आणि तो नकार जमेत धरता आला नसता.

उत्तम शुक्रवारी पाळकसाहेब वाईलाच होते. मी एकट्याने उपासना केली. मेजावरचं कापड त्या दिवशी काढतात, तसं काढलं. वधस्तंभावरची वचनं मोठ्याने वाचली. चार बाकांकडे बघून वाचली, भिंतीकडे नाही. बाकं माझ्या ओळखीची आहेत. मग पटाशी उचलली आणि पहिल्या पानावर टेकवली. खरं सांगतो, टेकवली. तीन-चार ठोक्यांचं काम होतं. माझा हात चुकला नसता.

ते पान तिथे चुकीचं आहे. पण एस्तेर हसली ते त्याच पानाला. ते बरोबर केलं असतं तर ती कशाला हसली होती हे जगात कुठेच लिहिलेलं राहिलं नसतं. पटाशी परत हत्यारांच्या पेटीत ठेवली.

शनिवारी शरच्चंद्र टेम्पो घेऊन आले. कागद टाइप करून आणला होता. म्हणाले, उद्या गिऱ्हाइकाने तुम्हाला फोनवर विचारलं, हे मेज कोणी केलं, तर अडखळू नका, एकदा म्हणून बघू. आणि त्यांनी विचारलं, ‘‘कसबे, हे कोणी केलं?’’

मला चाचींचा चौरंग आठवला. नाव न घालणं मला जमतं हे मी या लेंटमध्ये पाहिलं. पण कोणी विचारलं तर?

‘‘मी केलं,’’ म्हटलं. ‘‘आणि ती कारल्याची पानं आहेत.’’

ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. म्हणाले, नावासकट घेतलं तर सुताराचं मेज होतं, त्याचे बाराशे मिळतील. मी म्हटलं, नावासकटही विकायचं नाही. म्हणाले, मग इथे त्याचं करणार काय. रिकामा टेम्पो महाडच्या रस्त्याने मुंबईला गेला. माणूस चांगला होता. पुन्हा येणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. निम्मं गर्वासाठी. हे लिहायला मला सोपं गेलं नाही. उरलेलं निम्मं कोणासाठी ते मी सांगत नाही, ते ज्याच्यासाठी त्याला ठाऊक.

ईस्टरला पहाटे मी एकटाच गीत म्हटलं. मग पहिली एसटी धरून महाडला गेलो. चाचींनी दारातच चौरंग उलटा करून पुढे केला. त्यांना माझा उपास कधी सुटतो ते लक्षात होतं. मी खिशातून पेन्सिल काढली आणि दाबून लिहिलं. त्यांनी बोटांनी तपासलं आणि म्हणाल्या, आता पुरा झाला. चौरंग बहरीनला नेणार म्हणतात. मला वाटलं त्या थट्टा करतात. तुझं पत्र वाचल्यावर कळलं. विमानात चढवू देतात का ते कळव. नसतील देत तर पाय काढता येतील असे करून देतो.

तुझ्यावर राग आहे. तो मे महिन्यापर्यंत ठेवीन, कारण त्यांना पोचवायला विमानतळावर मीच जाणार आणि तिथे राग बरा दिसायचा नाही. तुझे दोन रंधे तेलात आहेत. ते तुझेच राहतील.

तुझा,
शांतवन सोनबा कसबे, पोलादपूर

ता. क. चार मार्चच्या पत्रात एक गोष्ट महत्त्वाची नाही म्हणून लिहिली नव्हती. ती महत्त्वाची होती. पैशाला नाही म्हणायला मला फारसं काही लागलं नाही. शरच्चंद्रांचा ओशिवऱ्याला कारखाना आहे, मेजाचं जमलं तर तिथे मला मुख्य कारागिराची जागा द्यायची असं ते म्हणाले. बावीस सुतार आहेत. दुपारी हत्यारं खाली ठेवून सगळे एका चटईवर जेवायला बसतात. त्यांनी मला विचारलं होतं, मासळी चालते ना. मी जे नाकारलं ते हे: त्या पंगतीत तेविसावं पान माझं, आणि वर मेजाचे रोख चाळीस हजार रुपये.